तरोट्याचा कोको

कोकोचा एक थेंबही न चाखता कोकोवर एवढी मेहनत घेतलेला माणूस सबंध वऱ्हाडात, किंबहुना जिथे कोको पिकतो त्या देशांतही, दुसरा झाला नसेल. हा माणूस म्हणजे आमचे सायन्सचे सर. विदर्भ मध्यप्रदेशात होता त्या काळी अमरावतीच्या एका हायस्कुलात ते सायन्स शिकवत आणि मी इतिहास. वयाने ते माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, मूळचे हिवरखेडचे, काळ्या जमिनीची शेती भावांवर सोपवून शिकायला बाहेर पडलेले. त्यांच्याविषयी लिहायचे मी पुष्कळ दिवस टाळत होतो. त्यांच्याविषयी खरे लिहायचे तर माझ्याविषयीही खरे लिहावे लागते, आणि त्यात माझी बाजू काही चांगली नाही.

सरांच्या कोटाच्या वरच्या खिशात फाउंटन पेन आणि थर्मामीटर अशा दोन वस्तू शेजारी शेजारी असत. पेन ते क्वचित काढत. शिक्षकांच्या खोलीत चहा आला की बाकीचे बशीत ओतून फुंकर मारीत, सर थर्मामीटर बुडवीत आणि आकडा मनाजोगता उतरेपर्यंत कपाला हात लावीत नसत. एकदा बडनेऱ्याला एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी तो कढीत बुडवला. वरमाई वाढपाकडे लक्ष ठेवून मागेच उभी होती. तिला वाटले, पाहुण्याला आपल्या कढीत काही भलतेसलते दिसले. तिने ती कढी तेथल्या तेथे उचलायला लावली आणि मुलीकडच्यांना पुन्हा चूल पेटवावी लागली. सर शांतपणे सांगत होते की कढीत काही दोष नाही, ती फक्त बासष्ट अंशांवर आहे. घरात डब्यांना चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. त्यावर नुसते 'हळद' लिहिलेले नसे, 'हळद, भेसळीचा संशय' असे असे. मिठाच्या बरणीवर 'मीठ, ओलसर' आणि शेंगदाण्याच्या डब्यावर 'शेंगदाणे, मोजलेले'. मोजलेले का, हे मी एकदा वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, एकदा यांनी मोजले आणि दुसऱ्या दिवशी कमी भरले. खाल्ले होते त्यांनीच, पण बरोबर मोजणाऱ्याने चुकीचे खाल्ले असेल हे त्यांना पटेना. उंदरासाठी सापळा लावला. उंदीर काही सापडला नाही, पण तेव्हापासून चिठ्ठी राहिली.

वहिनी म्हणजे सरांची पत्नी. त्यांचे वडील बडनेरा स्टेशनवर कारकून होते. नऊ वर्षांच्या असताना वहिनींना ताप आला होता आणि रेल्वेच्या डॉक्टरच्या मडमेने आपल्या बंगल्यावर बसवून त्यांना कपभर कोको पाजला होता. निळ्या काठाचा कप, त्याचा एक कान तुटलेला, आणि आत काहीतरी दाट, गरम, तपकिरी. एवढीच ती हकिकत. पण वहिनी ती दुसऱ्या माणसांनी काशीयात्रेची सांगावी तशी सांगत. त्यांनी लग्नानंतर पाटल्या मागितल्या नाहीत, लुगडे मागितले नाही, माहेरी जास्त दिवस राहायला मागितले नाही. मूलबाळ झाले नाही, त्याचेही कधी बोलून दाखवले नाही. एकदा लांबलेल्या दुखण्यातून त्या उठल्यावर सरांनी विचारले, तुला काही खावेसे वाटते का. तेव्हा त्या म्हणाल्या, "खावासा नाही. मले एकदा कोको पेवासा वाटते."

आता यावर तुम्ही-आम्ही काय केले असते? जवाहर गेटातल्या दुकानातून एक डबा आणला असता. मास्तरच्या पगाराला तो महागच होता, पण वर्षातून एकदा झेपला असता. सर दुकानात गेलेही. त्यांनी डबा हातात घेतला, चारही बाजूंनी वाचला आणि परत ठेवला. दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा वाचला. आठवडाभराने दुकानदाराने तो डबा वरच्या फळीवर, सरांचा हात पोचणार नाही असा ठेवून दिला. तोवर सरांचा निश्चय झाला होता. शाळेच्या ग्रंथालयातल्या जाडजूड इंग्रजी ज्ञानकोशात त्यांनी वाचले होते की कोको हे एक बी आहे. ते पानांत दडपून आंबवतात, वाळवतात, भाजतात, दळतात. बस्स. सरांच्या मते बाकी सगळे पत्र्याचे आणि जाहिरातीचे कौतुक होते. "बी त्यांच्याकडे हाय, अन् आपल्याकडे काय नाही?" असे ते म्हणत. बिया मोजायला बसले की वऱ्हाड कोणाला हरणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. बायकोने मागितलेली एकुलती एक गोष्ट आपण दुसऱ्याच्या डब्यातून काढून द्यायची, हे त्यांना लाजिरवाणे वाटत होते. ती आपल्या हातून झाली पाहिजे, आणि कोणाही गरिबाला घरी करता येईल इतकी स्वस्त झाली पाहिजे.

अडचण एकच होती. कोको लागतो कसा? वहिनींना चव म्हणून नीट सांगता येत नव्हती, आणि शिवाय पुरा जमल्याशिवाय त्यांना तो दाखवायचाच नाही असे सरांनी ठरवले होते. म्हणून त्यांनी एक दिवस शिक्षकांच्या खोलीत सर्वांना विचारले, कोको कोण पिलेले आहे. मी त्या शाळेत लागून चार दिवस झाले होते. सगळे माझ्याहून मोठे, अनुभवी. मला कोणी ओळखत नव्हते, मी फक्त 'ते अकोल्याचे नवे' होतो. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "अकोलेकर, तुमी तर नागपूरले शिकले. कोको पेला कधी?"

"पुष्कळदा," मी म्हणालो.

ते खोटे होते. सीताबर्डीवर एका हॉटेलाच्या फळीवर 'चहा, कॉफी, कोको' असे लिहिलेले मी चार वर्षे जाता-येता वाचले होते, एवढाच माझा आणि कोकोचा संबंध. आत जाण्याचे धाडस मला कधी झाले नाही. पण त्या क्षणी खोलीतल्या सर्वांनी माझ्याकडे आदराने पाहिले आणि मला तो आदर परत करवला नाही. एका शब्दाने माणूस किती दूर वाहून जातो, हे मी पुढे मुलांना इतिहासात अनेकदा शिकवले. दाखले मात्र राजेरजवाड्यांचे दिले.

त्या रविवारपासून मी सरांचा अधिकृत परीक्षक झालो. सकाळी आठला वहिनी अंबादेवीला जात आणि अकराला परतत, तेवढ्यात प्रयोग. दुसऱ्या रविवारी 'तुमी' जाऊन 'तू' आले. पहिला नमुना भाजलेल्या हरभऱ्यांचा होता. तो फुटाण्यांच्या सारासारखा लागला, आणि हे सांगायला कोको पिलेला असण्याची गरज नव्हती. मग सरकी झाली. ती पिऊन मला ज्यांच्यासमोर रोज सरकीचे टोपले ठेवतात त्या म्हशींविषयी सहानुभूती वाटली. मग भेंडीचे बी, मग चिंचोके. ज्ञानकोशातले आंबवणेही झाले. सरांनी चिंचोके पळसाच्या पानांत बांधून खाटेखाली ठेवले आणि सहा दिवस घरात असा वास सुटला की वहिनींनी सगळे घर शेणाने सारवून काढले, तरी तो जाईना. शेवटी शेजारच्या काकूंनी गटारीबद्दल नगरपालिकेकडे तक्रार केली. माणूस येऊन गटार तपासून गेला. गटार स्वच्छ निघाली, सरांना त्याचा फार आनंद झाला.

अखेर गाडी तरोट्यावर येऊन थांबली. तरोटा, म्हणजे टाकळा, वऱ्हाडात रस्त्याच्या कडेला मातला असतो. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात, पुढे शेंगा वाळतात आणि कोणी विचारत नाही. सर आणि मी वडाळी तलावाच्या बाजूला पिशव्या घेऊन जात असू. हायस्कुलाचे दोन मास्तर गवतात वाकून शेंगा तोडताना पाहून विद्यार्थी दुरूनच वाट बदलत. शेंगा झोडपून बी काढायचे आणि लोखंडी तव्यावर मंद आचेवर तडतडेपर्यंत हलवत भाजायचे. या कामात सर कोणाला हात लावू देत नसत. बी रंगाने काळपट होण्याच्या क्षणभर आधी ते तवा उतरवीत आणि सांगत की सगळा कोको त्या क्षणात आहे. मग खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ पूड. तिच्यात चौथा हिस्सा भाजलेल्या चिंचोक्यांची पूड, दाटपणाला चमचाभर ज्वारीचे पीठ, गूळ आणि नखभर जायफळ. आधी थोड्या कोमट दुधात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग अर्धे दूध अर्धे पाणी उकळून वरून ओतायचे आणि पुन्हा एक कढ आणायचा. खर्च दुधाचा आणि गुळाचा. बाकी सगळे सरकारी रस्त्याच्या कडेचे.

हे इतक्या सुखाने मात्र ठरले नाही, कारण प्रत्येक पायरीवर मी साक्ष देत होतो. कपातून घोट घेतला की सर पेन्सिल धरून विचारीत, खऱ्यात आणि यात काय फरक आहे. काहीतरी सांगणे भाग होते. एका रविवारी त्यांची चूल धुपत होती, म्हणून मी म्हणालो की खऱ्या कोकोला किंचित धुराचा वास असतो. सरांनी पुढचे दोन महिने बी कडुलिंबाच्या, बाभळीच्या आणि तुरीच्या तुऱ्हाट्यांच्या धुरावर धरून पाहिले. एकदा मला सर्दी झाली होती, चव कळत नव्हती, तेव्हा मी सांगितले की खरा कोको जिभेला जरा बधिर करतो. पुढच्या रविवारी कपात लवंग होती. आणि एकदा, देव मला क्षमा करो, डब्यावरच्या चित्रात कपावर फेस दिसला होता तो आठवून मी फेसाचे बोललो. सरांनी विचार केला आणि कपात एक रिठा कुस्करला. फेस असा आला की कपाबाहेर, बशीबाहेर, पाटावर उतरला. मी प्यायलो. दिवसभर मला उचक्या लागत होत्या आणि प्रत्येक उचकीबरोबर तोंडात वहिनींचे न्हाणीघर येत होते. सरांनी वहीत लिहिले, 'फेस उत्तम, बाकी विचार व्हावा.' ती वही मी पाहिली आहे. तीत माझ्या खोटेपणाची पाने होती, स्वच्छ अक्षरात, समास सोडून लिहिलेली.

खरे सांगून टाकावे असे मला दर शनिवारी वाटे. दर रविवारी सर दारात उभे असत, हातात कप, नजर माझ्या तोंडावर, आणि ते राहून जाई. दीड वर्षाने मला अकोल्याच्या एका शाळेत जागा मिळाली. घरी आई एकटी होती, जाणे भागच होते. मी सरांना सांगितले तेव्हा ते अभिनंदन करायला विसरले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे कोको पेलेला माणूस चालला."

शेवटच्या रविवारी त्यांनी एकच कप केला. धूर नव्हता, लवंग नव्हती, फेस नव्हता. मी घोट घेतला. तो दाट होता, कडवट होता, गरम होता, आणि मला आवडला. पण प्रश्न आवडण्याचा नव्हता. नाही म्हटले तर या माणसाची दीड वर्षे वाया, आणि वहिनींना जन्मात कोको मिळणार नाही, कारण आता चूक-बरोबर सांगणारा कोणी राहणार नव्हता. हो म्हटले तर मी आणखी एकदा खोटा.

"हाच," मी म्हणालो.

सरांनी खडू घेऊन स्वयंपाकघराच्या दारावर 'सिद्ध' असे लिहिले. वहिनी देवीहून आल्या, त्यांना पाटावर बसवले, कप दिला. त्यांनी सरांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. त्यांनी डोळे मिटून प्यायला सुरुवात केली आणि अर्धा कप संपल्यावर म्हणाल्या, "हाच तो. हाच होता ओ." सर उठून परसात गेले. ते थर्मामीटर विसरून गेले, हे मी तेव्हा प्रथम पाहिले.

पुढे सात-आठ वर्षे गेली. महाराष्ट्र झाला, माझे लग्न झाले, मुले झाली. सरांचे दिवाळीला पत्र येई, त्यात 'तुझ्या वहिनीचा कोको चालू आहे' हे वाक्य ठरलेले. मग एकदा माझे मेव्हणे मुंबईहून आले आणि त्यांनी मुलांसाठी कोकोचा डबा आणला. बायकोने एक कप माझ्याही हातात दिला. मी पहिला घोट घेतला आणि मला घाम फुटला. सरांच्या कोकोत आणि यात मेळ एवढाच होता की दोन्ही कपात मावत होते. बायकोने विचारले, फार गरम आहे का. मी हो म्हणालो. खोटे बोलायची सवय लागली की ती घरातही जात नाही.

मला त्या आठवड्यात जेवण गोड लागेना. शेवटी एक नवा डबा विकत घेतला, सुट्टी काढली आणि मूर्तिजापूरमार्गे अमरावतीची एस. टी. धरली. सगळे कबूल करायचे, डबा वहिनींच्या हातात द्यायचा, पुढे काय ते होवो. सर एकटेच ओसरीवर बसले होते. वहिनी मागे भांडी घाशीत होत्या. मी डबा पुढे ठेवला आणि एका दमात सांगून टाकले की मी तेव्हा कोको पिलेलाच नव्हतो.

सरांनी डबा चारही बाजूंनी वाचून खाली ठेवला. मग वर्गात विचारीत तशा आवाजात म्हणाले, "धुराचा वास?"

"तुमच्या चुलीचा होता."

"जीभ बधिर होते ते?"

"मला सर्दी झाली होती."

"फेस?"

"डब्यावरच्या चित्रात होता, सर."

"अन् रिठा तू पेला."

"प्यायलो."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मला वाटते ते मनातल्या मनात वहीची पाने उलटत होते. मग आवाज उतरवून म्हणाले, "तिले सांगतलं?" मी म्हणालो, नाही, आता सांगणार आहे, त्यासाठीच आलो.

"सांगू नोको. तिनं माह्याजवळ जिंदगीत एक गोष्ट मांगतली. ते भेटली असं तिले वाटते. मलेही आजलोक वाटे. आता मले वाटणार नाही, ते मी पाहून घेईन. तिचं काहून बिघडवतं, लेका?"

चूक माझी, आणि तिचा भार हा माणूस उचलून आपल्या बाजूला ठेवत होता. त्यांनी डबा उचलून माझ्या पिशवीत परत घातला, वर माझा पंचा दाबला आणि वहिनींना हाक मारून सांगितले की अकोलेकर आला आहे, कोको टाक. वहिनी आल्या, माझी, आईची, मुलांची चौकशी केली, आणि थोड्या वेळाने तीन कप घेऊन ओसरीवर बसल्या. मी पीत असताना त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"भाऊजी, अकोल्यात भेटते का असा कोको?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "मुंबईचाही पिऊन पाहिला. असा कुठेच मिळत नाही."

कोकोविषयी मी अमरावतीत केलेले हे पहिले खरे विधान. सरांना ठसका लागला. वहिनींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, यांना कितीदा सांगितले की गरम पिऊ नका, ते थर्मामीटर कशाला बाळगतात कोण जाणे.

सर मला स्टँडवर पोचवायला आले. गाडी लागलेली होती. मी खिडकीशी बसलो, तेव्हा ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "आता खरं सांग. डब्यातला कसा लागते?" मी या वेळी नीट आठवून सांगितले. मऊ लागतो, कडूपणा घशात बसत नाही, विरघळून जातो, मागून किंचित आंबूस काहीतरी येते. ते डोळे मिटून ऐकत होते, जणू शब्दांतून चव उतरवून घेत होते. मी म्हणालो, सर, एक चमचा कागदात बांधून देतो, वहिनींना कळणार नाही. ते म्हणाले, "एकट्यानं पेवाची गोष्ट नाही ते." आणि गाडी निघेपर्यंत उभे राहिले.

सरांना जाऊन आता दोन वर्षे झाली. वहिनी हिवरखेडला दिरांच्या घरी असतात. दिवाळीनंतर त्या बाजूचे कोणी तेल्हाऱ्यावरून अकोल्याला येणार असले, की त्याच्या हाती माझ्यासाठी एक पुरचुंडी असते. तीत तरोट्याची पूड आणि निरोप की चव पाहून कळवा, तुमच्याशिवाय कळणारे आता कोणी नाही. पहिल्या वर्षी मी 'उत्तम' असे लिहून पाठवले आणि मग तीन दिवस मला चैन पडले नाही. या वर्षी मात्र ठरवले की वहिनींना यापुढे चवीबाबत खोटे लिहायचे नाही. लिहिले, "वहिनी, कोको पोचला. किंचित करपला आहे."

आठ दिवसांत कार्ड आले. पुतण्याकडून लिहवून घेतलेले होते, पण शब्द वहिनींचेच होते. "करपन नाही तर काय, भाऊजी. भाजाचं काम त्यायचं होतं."